लिंबोणीला घातलेलं पाणी

तूत महिना, ९ तारीख
हुतात्म्यांचं सतराशेवं वर्ष
(तुझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सप्टेंबर १९८३ असेल. आमच्या गावात पेरणी, उपास आणि पत्रं अजून ह्याच महिन्यांवर चालतात.)

लबीब,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन दारातच उभा राहिला. "रतीबाबाई, असयूतहून कुणाचं हो?" मी म्हटलं, "भावाचं." तर म्हणतो, "तुम्हाला भाऊ आहे?"

पाकिटाची कड दोनदा चिकटवलेली दिसली. म्हणजे एकतर वाटेत कुणीतरी उघडून वाचलं, नाहीतर तूच पुन्हा उघडून आतलं काहीतरी काढून घेतलंस. मला दुसरं जास्त खरं वाटतं. लहानपणीसुद्धा तू खजूर वाटताना आधी देऊन मग परत मागायचास.

तेवीस वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस. आईच्या मातीला आलास तो चर्चमध्ये पाऊल न टाकता समोर गिरणीवाल्याच्या ओट्यावर भर उन्हात उभा राहिलास. का, तर आत धूप जळत होता. आणि आता एकदम "प्रिय ताई"! दोन पानं माझे गुडघे, माझी म्हैस, माझी झोप. तिसऱ्या पानाच्या अगदी तळाशी खरी गोष्ट. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय गेली नाही.

मला जे समजलं ते पुन्हा लिहिते, म्हणजे उद्या तू "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणायला नको. तुझ्या लेकीचं, इन्साफचं, लग्न अडलं आहे. मुलगा नाशेद, औषधांच्या दुकानात आहे, माणसं चांगली आहेत, पण ती तुझ्या नव्या सभेची नाहीत, आमच्या जुन्या चर्चची. तिथले पाद्री, अबूना अंदराउस, म्हणतात, मुलीचा बाप्तिस्मा आमच्या चर्चमध्ये झाल्याशिवाय मी दोघांच्या डोक्यावर लग्नाचे मुकुट ठेवणार नाही. तू म्हणतोस, पोरीला पंधराव्या वर्षी, कळत्या वयात, शास्त्रात आहे तसं, सभेच्या हौदात मी स्वतःच्या हाताने बुडवलं आहे. आता तिच्यावर पुन्हा पाणी घालू दिलं तर माझं पाणी खोटं होतं असं मीच जगापुढे कबूल केल्यासारखं होईल. ते तुला मरेपर्यंत जमणार नाही. इन्साफ तुझ्या मनाविरुद्ध जाणार नाही. आणि नाशेदचे आईबाप ख्रिस्तजन्माच्या उपासाला सुरुवात होईपर्यंत थांबतील, म्हणजे हातूरच्या मध्यापर्यंत, जेमतेम दोन महिने. मग दुसरीकडे बघतील.

आणि मग तुझा प्रश्न. ज्या उन्हाळ्यात तू कैरोला सभेच्या मेळाव्याला गेला होतास, तेव्हा मी तुझ्या तान्ह्या पोरीला चोरून आपल्या गावच्या अबूना यस्सांकडे नेलं होतं का? नेलं असेल तर अबूना अंदराउस तोच बाप्तिस्मा धरतील. माझ्या एका साक्षीवर.

लबीब, माझे केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत. ह्याच आरोपावर तू मला अंगणात उभी करून चोर म्हणालास, बायकोपोरीला घेऊन निघून गेलास, आणि तेव्हापासून मला पाण्यात पाहिलंस. आता म्हणतोस, ताई, तो गुन्हा केलाच असशील तर फार बरं होईल. असं कुठे असतं? मी "हो" लिहायचं, तू ते पत्र रविवारी सभेत सगळ्या वडीलधाऱ्यांपुढे वाचायचं, "पाहा बंधूंनो, ही परंपरावाली माणसं दुसऱ्यांची पोरं पळवतात" म्हणून. मी ओळखून आहे तुला.

माझं उत्तर: मी तुझी पोर चोरून कुठेही नेली नाही.

रतीबा

तूत महिना, २६ तारीख

लबीब,

इतक्या लवकर उत्तर! म्हणजे घाई खरी आहे. घाई खरी आहे म्हणून तू खरा आहेस असं मात्र मी धरत नाही.

तू लिहितोस, "देवाशपथ ताई, हे पत्र माझ्याशिवाय कुणी वाचत नाही." तुम्ही सभेचे लोक शपथ घेत नाही ना? शास्त्रात मना आहे म्हणून कोर्टातसुद्धा हात वर करत नाही ना? मग ही शपथ कुठून आली? एक तर तू फार अडचणीत आहेस, नाहीतर तुझ्या शेजारी बसून दुसराच कुणी मजकूर सांगतोय. तुझं अक्षरही पहिल्यापेक्षा सरळ आहे.

आणि पुढे तुझं नेहमीचं. "ज्या गोष्टी शास्त्रात नाहीत त्यांना मी मानत नाही, पण अबूना अंदराउस मानतात, म्हणून विचारतो." वा रे वा! स्वतः उंटावरून उतरायचं नाही, आणि शेळ्या मात्र माझ्या अंगणातून हाकायच्या.

तुला आठवतं का, कॉलेजातून पहिल्यांदा सुट्टीला आलास तेव्हा काय केलंस? आईच्या उशाशी मरियामातेचं चित्र होतं, ते भिंतीकडे तोंड करून ठेवलंस. आणि दिवसभर "शास्त्रात दाखवा, शास्त्रात दाखवा" करत घरभर फिरलास. उपास? दाखवा. धूप? दाखवा. मेलेल्यांसाठी प्रार्थना? दाखवा. शेवटी मी भाकरी थापता थापता विचारलं, "शास्त्रात जे नाही ते मानू नये, हे शास्त्रात कुठे आहे? तेवढं दाखव." तू म्हणालास, "ताई, तू चुलीपाशी बस." मी चुलीपाशीच होते.

मलाही वाचता येतं, हे तू विसरतोस. तुमच्याच मिशनच्या बायकांनी शिकवलं. तुझ्या त्या शास्त्रातली शेवटची सत्तावीस पुस्तकं कुणी निवडली रे? ती काही पुठ्ठा बांधून आकाशातून पडली नव्हती. आपल्याच अलेक्झांड्रियाच्या एका दाढीवाल्या म्हाताऱ्याने यादी केली, ही धरा, बाकीची सोडा, आणि ती त्याने पत्रातूनच कळवली. त्या म्हाताऱ्यावर विश्वास ठेवून तू पुस्तक हातात घेतलंस, आणि त्याच्याच घरातली बाकीची भांडी उकिरड्यावर फेकलीस. हे मला कधीच कळलं नाही. कळेल असं वाटतही नाही.

पण मुद्द्यावर येते. तू पुन्हा तीच माती उकरलीस. कैरोहून परत आलास, लिंबोणीच्या बुंध्याशी माती ओली होती, बाजूला पोरीला आंघोळ घालायचं घमेलं उपडं होतं, पोरीच्या केसांना चर्चमधल्या बाल्समचा वास येत होता. आपल्याकडे पवित्र तेल लागलेल्या लेकराच्या पहिल्या आंघोळीचं पाणी गटारात जात नाही, झाडाला घालतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तू ओरडलास, "कुणी केलं हे?" आणि माझ्याकडे बोट केलंस. तुझी बायको, मुफीदा, ओट्यावर खाली मान घालून बसली होती. मी तेव्हा काही बोलले नाही, आताही बोलणार नाही.

मुफीदाला मातीत ठेवलं त्या दिवशी मी आले होते, हे तुला माहीत नसेल. मागच्या बाकावर बसले होते. तू उभा राहून म्हणालास, "ह्या बाईने आयुष्यात शास्त्राशिवाय कशापुढेही मान वाकवली नाही." तुझा आवाज फुटला होता. सगळी सभा रडत होती. मी ते ऐकलं आणि कुणाला न भेटता निघून आले.

म्हणून सांगते, जुनं उकरू नकोस. इन्साफसाठी मी मेणबत्ती लावते. तुला चालत नसेल तर फुंकर मारायला ये.

रतीबा

बाबेह महिना, ११ तारीख

लबीब,

काल तुझी लेक आली होती. तू पाठवलंस का?

ती म्हणते नाही. पण बूट स्वच्छ होते. स्टेशनपासून चालत आली असती तर कालव्याकाठचा चिखल घोट्यापर्यंत लागला असता. म्हणजे गाडी करून आली, म्हणजे कुणीतरी भाडं दिलं. मी तसं बोलून दाखवलं तर हसायला लागली. "आत्या, मी दाराबाहेर गवताने पुसले. बाबा सांगायचे, तुझ्या घरात चिखलाच्या पायांनी गेलं की जोडा डोक्यात बसतो."

तू तिला माझ्याबद्दल सांगायचास? हे मला माहीत नव्हतं. काय सांगायचास हेही विचारलं नाही. घाबरले.

डाळिंबं सोलून दिली, घेवड्याची उसळ आणि गरम भाकरी दिली. खाते चांगली. पण खाताना खालचा ओठ दाताखाली धरते, मुफीदासारखा. मग मी विचारलं, "तुला स्वतःला काय हवंय गं? बापाचं राहू दे, अबूनांचं राहू दे."

म्हणाली, "मला कुठलंही पाणी चालेल, आत्या. अबूना म्हणतील तर उद्या बुडी मारीन. पण पंधराव्या वर्षी हौदातून वर आले तेव्हा बाबा मला धरून ढसाढसा रडले होते. ते रडणं खोटं होतं असं मी माझ्या तोंडाने कसं म्हणू?"

"मग नाशेद?"

"त्याला म्हटलंय, तुझी आई बघेल ती मुलगी करून घे." असं म्हणून अंगठी काढून दाखवली. रुमालाच्या गाठीत बांधून ठेवलीय, उपास लागला की परत देणार. बोटावर पांढरा वळ उमटलाय. नंतर बराच वेळ अंगणात लिंबोणीकडे बघत बसली. मला एक गोष्ट विचारली, ती तुला सांगत नाही.

निघताना दारात मिठी मारली आणि कानात म्हणाली, "आत्या, तू बाबांवर इतका संशय घेतेस, तेही तुझ्यावर घेतात. दोघांचा आवाजसुद्धा सारखा आहे." फाजील आहे. आवडली.

तरी मला खात्री नाही. पोरगी खरी आहे, पण खऱ्या माणसाला पुढे करून खोटं काम करून घेता येतं. तू हे करू शकतोस. मला विचार करायला वेळ दे.

रतीबा

बाबेह महिना, २५ तारीख

लबीब,

ठीक आहे. तुला हवं ते लिहिते. सभेत वाचायचं तर वाच, आता माझी फिकीर संपली.

मीच नेलं.

तू कैरोला होतास. ऊन मी म्हणत होतं. पोरीला जुलाब लागले होते, डोळे आत गेले होते, टाळू खोल गेली होती. डॉक्टर मल्लावीला, आणि तो शुक्रवार, सुट्टीचा दिवस. मुफीदा स्वतः तापाने फणफणली होती, तिला शुद्ध नव्हती. मी पोरीला काळ्या शालीत गुंडाळलं आणि मागच्या बोळाने अबूना यस्सांकडे नेलं. म्हटलं, हिचं काही बरंवाईट झालं तर निदान नावाशिवाय जाऊ नये. त्यांनी पाण्यात घातलं, तेल लावलं, लाल फीत बांधली. मीच धर्ममाता. तिसऱ्या दिवशी मी आंघोळ घातली आणि पाणी लिंबोणीला घातलं. मुफीदाला ह्यातलं काहीही माहीत नव्हतं. शुद्धीवर आली तेव्हा पोर हसत होती, तिला वाटलं औषध लागू पडलं. ओट्यावर मान खाली घालून बसली होती ती माझ्या लाजेने. माझ्यामुळे तुझ्या घरात हे घडलं म्हणून.

तेवीस वर्षं तू मला चोर म्हणालास ते बरोबर होतं. मी पहिल्या पत्रात नाही म्हटलं ते भीतीने.

मातीच्या दिवशी तू मुफीदाबद्दल बोललास ते अक्षरशः खरं आहे. त्यातला एकही शब्द मागे घेऊ नकोस.

अबूना अंदराउसना मी वेगळं पत्र लिहिते आहे. माझी साक्ष त्यांना पुरे होईल. पोरीला अंगठी बोटात घालायला सांग.

रतीबा

त्याच तारखेला, संध्याकाळच्या प्रार्थनेआधी

अबूना अंदराउस यांस,

तुमचे हात दुरून चुंबते. मी लबीब गत्तासची थोरली बहीण रतीबा. तुम्ही माझ्या साक्षीची वाट पाहताय, असं भाऊ म्हणतो. साक्ष देते, आणि तिच्याबरोबर एक पापही सांगते.

लबीबची लेक इन्साफ हिचा बाप्तिस्मा आमच्या गावात, कै. अबूना यस्सांच्या हातून झाला. मी धर्ममाता होते. हे मी वेदीसमोर उभी राहूनही सांगेन.

पण तिला चर्चमध्ये मी नेलं नाही. तिच्या आईने नेलं, मुफीदाने. मी फक्त बरोबर गेले. मुफीदाला ताप नव्हता, काही नव्हतं. ती स्वतः पोरीला छातीशी घेऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली, "ताई, पुस्तकातलं सगळं ते मला समजावून सांगतात आणि मला ते पटतं. पण माझी पोर मरतेय आणि माझ्या आईने मला जे सांगितलं तेच फक्त मला आठवतंय." अबूना यस्सांनी आधी, रीतीप्रमाणे, तिच्यावर आईची प्रार्थना केली, तिच्या कपाळाला तेल लावलं. मग ती पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली, डावा हात वर केला आणि लेकराच्या वतीने सैतानाला नाकारलं. मी तिच्या कोपराखाली माझा हात धरला. पोर जगली. पाण्याने जगली की आम्ही रात्रभर चमच्याने पाजलेल्या भाताच्या पेजेने जगली, हे देवाला माहीत.

परत येताना तिने माझ्याकडून वचन घेतलं. "त्यांना कळलं तर मला टाकणार नाहीत, ताई. पण माझ्याशी बोलताना प्रत्येक वेळी थांबतील." मी वचन दिलं. मग लबीबने माझ्याकडे बोट केलं तेव्हा मला वचन पाळायला सोपंच गेलं.

त्यानंतर मुफीदा मला एकदाच भेटली, पण दरवर्षी आगगाडीतल्या एका मासेवालीकडून निरोप यायचा, "लिंबं पाठव." त्याच झाडाची. मी करडईच्या पाकळ्या आणि कलौंजी घालून मिठात मुरवायची आणि बरणी पाठवायची. ती घरात काय सांगायची कोण जाणे. इन्साफने मला परवा एवढंच विचारलं, "आत्या, आईची लिंबं ह्याच झाडाची का?" मी "माहीत नाही" म्हटलं. तेही एक खोटं झालं.

अबूना, आज मी भावाला लिहिलंय की मुफीदाला शुद्ध नव्हती आणि मी एकटीनेच पोरीला नेलं. हे पाप आहे, हे मला कळतं. आपली सगळी मंडळी कुणीतरी पाहिलं आणि खरं सांगितलं ह्यावर उभी आहे. माझ्यासारखी साक्षीदार खोटं बोलायला लागली तर लबीबच बरोबर ठरतो. पण मी गप्प बसले असते तर एकतर ही सोयरीक मोडली असती, नाहीतर आपल्या चर्चमध्ये पोरीवर दुसऱ्यांदा पाणी पडलं असतं, आणि बाप्तिस्मा एकच असं आपण रोज म्हणतो. आणि खरं सांगितलं असतं तर भावाची बायको मेल्यानंतर मी त्याच्याकडून काढून घेतली असती. त्याच्याकडे आता तिच्याबद्दलचं तेवढं एक वाक्य उरलंय. म्हणून पाणी खरं ठेवलं, फक्त नेणारे हात बदलले.

तुमच्या लक्षात येईलच की आईवर प्रार्थना केल्याशिवाय अबूना यस्सांनी बाप्तिस्मा देणं शक्य नव्हतं. लबीबच्या लक्षात येणार नाही. ह्या गोष्टींना तो कैक वर्षं केरकचरा म्हणतो, आणि केरात काय होतं हे कोण आठवून ठेवतं? तुम्ही त्याला सांगू नका, एवढीच विनंती. प्रायश्चित्त काय ते कळवा, कितीही उपास सांगा, मला सवय आहे.

रतीबा गत्तास

हातूर महिना, १३ तारीख

लबीब,

मेल्या, तुझं पत्र आलं. सकाळपासून हाताला काम सुचत नाहीये. म्हैस हंबरून दमली.

आधी बातमी वाचली. अबूना अंदराउसनी "धर्ममातेची साक्ष मान्य" एवढंच सांगितलं, नाशेदच्या आईने होकार कळवला, मुकुट ख्रिस्तजन्माच्या सणानंतर. अंगठी बोटात गेली. देवाचे आभार मानले आणि पुढचं पान उलटलं.

पुढचं पान वाचून पहिल्यांदा अबूना अंदराउसना शिव्या दिल्या. वाटलं, त्यांनीच तोंड उघडलं. मग तुझी ओळ पुन्हा नीट वाचली. ती इथे लिहिते, कारण ती माझ्या हाताने लिहिल्याशिवाय मला खरी वाटत नाही.

"ताई, तू खोटं चांगलं बोलतेस. पण लहानपणी अबूना यस्सांच्या मागे मेणबत्ती धरून मीच उभा असायचो. आईवर प्रार्थना केल्याशिवाय त्या माणसाने एकाही लेकराला पाण्यात घातलं नाही. कुंभाराचं पोर शेवटचे श्वास घेत होतं, तरी त्याच्या आईला खाटेसकट उचलून आणायला लावलं होतं. मी लिंबोणीखालची ओली माती पाहिली त्याच क्षणी मला कळलं की मुफीदा तिथे होती."

त्याच क्षणी. तेवीस वर्षांपूर्वी. अंगणात. माझ्याकडे बोट करायच्या आधी!

"तिला विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं. मग नवरा म्हणून आणि सभेतला माणूस म्हणून मला काहीतरी करावं लागलं असतं. म्हणून तुझ्यावर ओरडलो. तू गप्प बसशील हे माहीत होतं. बहिणीवाचून माणूस जगतो, असं तेव्हा वाटलं होतं."

आणि मातीच्या दिवशी मागच्या बाकावर तू मला पाहिलं होतंस. ते वाक्य तू सभेसाठी बोललाच नाहीस, माझ्यासाठी बोललास. मी तोंड उघडू नये म्हणून. आणि लिंबं! मुफीदा तुला सांगायची शेजारीण देते, आणि तू मान डोलवून खायचास, कारण "करडईच्या पाकळ्या आईसारख्या फक्त तूच घालतेस." पहिल्या पत्रात हे सगळं लिहून तू पाकीट पुन्हा फोडलंस आणि ते पान काढून घेतलंस. बघ, दोनदा चिकटवलेली कड मी बरोबर ओळखली होती. मी तुझ्यावर जगातले सगळे संशय घेतले, लबीब. हा एक घेतला नाही.

मी रडले. रागाने रडले, हे नीट वाच. मी जे तुझ्यापासून लपवत होते ते तू माझ्यापासून लपवत होतास. दोघं मिळून एका बाईवर पांघरूण घालत होतो आणि त्याच पांघरुणाखाली एकमेकांना लाथा मारत होतो. आई गेली, मुफीदा गेली, माझे केस गेले. इन्साफचं पहिलं पाऊल मी पाहिलं नाही, ती कोणत्या दाराने शाळेत जायची ते मला ठाऊक नाही. ह्याचा हिशेब मी देवाकडे मागणार नाही, तुझ्याकडे मागणार आहे.

आणि आता हे सांग, शहाण्या. आईवरची ती प्रार्थना शास्त्रात कुठे आहे? नाहीच. ज्याला तू केर म्हणून झाडून टाकलंस त्यातलीच एक काडी तुझ्या मनात राहिली आणि तिने तुला खरं काय ते सांगितलं. आणि मी, साक्षीवर जगणारी, खोटी साक्ष लिहून बसले, ती न करण्याची आज्ञा तर तुझ्या पुस्तकात आणि माझ्याही पुस्तकात मोठ्या अक्षरांत आहे. तेव्हा तू छाती फुगवू नकोस. मीही फुगवत नाही. अबूनांनी मला प्रायश्चित्त दिलंय, ते तुला सांगणार नाही.

मुफीदाला तू एकदाही विचारलं नाहीस. ती तुझ्याशी बोलताना कधी थांबली होती का, एवढं मला कधीतरी सांग. तू तिच्याशी बोलताना थांबला नाहीस, हे मात्र तुझ्या पत्रावरून कळलं. तिला नेमकी त्याचीच भीती होती. तेवढ्यासाठी तुला अर्धं माफ केलं.

लग्नात आईच्या जागी मी उभी राहणार, कुणाला विचारणार नाही. तू आत येशील की पुन्हा कुठला ओटा शोधशील, ते तू आणि तुझे वडीलधारे ठरवा. धुपाने मेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

यंदा लिंबोणी वाकलीय. फांद्यांना टेकू द्यावे लागले. बरणी मी धुऊन उन्हात ठेवली होती, ती आज उचलून आत ठेवली. ह्या वर्षी लिंबं पाठवणार नाही. झाड इथेच आहे, तू जिथे उभा राहून ओरडलास तिथेच. येऊन स्वतःच्या हाताने तोडून ने.

तुझी ताई